गवत कोणाचे, हरिण कोणाचे?
नगर हवेलीच्या इतिहासातील एका जुन्या व्यवहाराची मीमांसा

सिल्वासाहून आत, सकरतोड नदीच्या काठी, ताडकेश्वर महादेवाचे देवालय आहे. गावाचे नाव बिंद्राबीन. हे नाव कानी पडताच भाविकाच्या मनात वृंदावनाची आठवण जागी झाल्यावाचून राहत नाही. आणि वृंदावन म्हटले की गायी आल्या, गोपाळ आले, हिरवे रान आले. गोवर्धनपूजेची कथा आपण दरवर्षी दिवाळीत सांगतो व ऐकतो. तिच्यातील भक्तिभाव थोर आहेच. पण तिच्या पोटी एक रोकडा व्यवहारही आहे. ज्या डोंगराच्या गवतावर आपली गुरे जगतात त्या डोंगराचे देणे आधी द्यावे, दूरच्या अधिपतीचे मागाहून पाहावे, असा तो व्यवहार होय.

परंतु रान हे केवळ गाईचे नसते. त्याच गवतावर चितळांचे कळप चरतात, त्याच झाडोऱ्यात सांबर दडते, आणि त्यांच्या मागावर शिकारी येतो. प्राचीन काळापासून राजे, सरदार व जमीनदार यांनी काही राने शिकारीसाठी राखली, आणि पुष्कळदा त्याच रानांतील गवत चराईसाठी वा कापणीसाठी दाम घेऊन दुसऱ्याच्या हवाली केले. जमीन एक, हरिण एकाचे, गवत दुसऱ्याचे, महसूल तिसऱ्याचा. या तिघांच्या करारात दोन पक्षांची नावे मात्र सहसा आढळत नाहीत. एक, तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मनुष्य. दुसरे, प्रत्यक्ष ते हरिण. नगर हवेली व तिच्या सभोवतालचा मुलूख यांचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर उपभोगाचा हक्क आणि भूमीचे स्वामित्व यांतील भेद पुसला गेला म्हणजे काय होते, याचा मोठा बोधप्रद धडा त्यात सापडतो.

शास्त्रकारांची व्यवस्था

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी हा प्रश्न दुर्लक्षिलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘भूमिच्छिद्रविधान’ नावाचे एक प्रकरण आहे. नांगराखाली न येणाऱ्या भूमीची विल्हेवाट कशी लावावी, हा त्याचा विषय. त्यात कौटिल्य प्रथम गुरांसाठी कुरणे सांगतो, नंतर तपस्व्यांसाठी अरण्ये सांगतो, आणि मग राजाच्या विहारासाठी मृगवन सांगतो. या मृगवनाला एकच दार असावे, भोवती खंदक असावा, आत काटेरी झाडे नसावीत, असे त्याचे बारकावे आहेत. याशिवाय आणखी एक मृगवन असावे, आणि तेथे सर्व प्राणी अतिथीप्रमाणे निर्भय असावेत, असेही तो म्हणतो. कुरणांवर देखरेख करण्यास त्याने विवीताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी नेमला आहे. तात्पर्य, पडीक भूमी म्हणजे बेवारशी भूमी नव्हे. तिचे गाईसाठी, तपासाठी, शिकारीसाठी व अभयासाठी असे निरनिराळे भाग असावेत, आणि एकाने दुसऱ्यावर आक्रमण करू नये, हा त्याचा दंडक.

मनुस्मृतीतही गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा गुरांच्या चरण्यासाठी मोकळा राखावा आणि नगराभोवती त्याच्या तिप्पट राखावा, असे विधान आहे. त्या पट्ट्यात कुंपणाविना केलेले पीक गुरांनी खाल्ले, तर गुराख्यास दंड नाही. म्हणजे गायरान हे कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसून गावाचा तो हक्कच होय. आणि शिकारीच्या मर्यादेविषयी बोलावयाचे तर शाकुंतलाचा पहिला अंक कोण विसरेल? बाण जोडून धावत आलेल्या सार्वभौम राजास एक निःशस्त्र तपस्वी थांबवतो, हे हरिण आश्रमाचे आहे असे सांगतो, आणि राजा बाण उतरवतो. राजसत्ता कोठे संपते याची रेघ त्या एका प्रसंगात ओढलेली आहे.

पश्चिमेचा दाखला

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असे मात्र नव्हे. इंग्लंडात नॉर्मन राजा विल्यम याने सुमारे १०७९ साली हरिणांच्या शिकारीसाठी एक मोठे अरण्य राखले. ते ‘न्यू फॉरेस्ट’ या नावाने आजही प्रसिद्ध आहे. तेथे पूर्वीपासून गुरे चारणारे रहिवासी होते. राजाने हरिणे आपली म्हटली, पण रहिवाशांचा चराईचा हक्क सर्वस्वी बुडवला नाही. राजाच्या रानात दाम घेऊन गुरे घेण्याचे व चराई वसूल करण्याचे काम ‘अजिस्टर’ नावाच्या अधिकाऱ्याकडे असे. १२१७ सालच्या वनसनदेत अशा अधिकाऱ्यांच्या सभा वर्षातून केव्हा भराव्यात हेही ठरवून दिलेले आहे. त्यांतली एक हरिणी विण्याच्या हंगामापूर्वीची. पुढे अशी वहिवाट दिसते की, उन्हाळ्यातील त्या एका महिन्यात, आणि पुन्हा हिवाळ्यात चारा तुटपुंजा झाल्यावर, गुरे रानाबाहेर काढावीत, म्हणजे पाडसांना व हरिणांना पोटभर मिळेल.

यात राजाचा स्वार्थ होता, हे उघड आहे. त्याला शिकारीसाठी हरिणे हवी होती. पण त्या स्वार्थातून एक शहाणपण निपजले. एकाच भूमीवर दोघांनी जगावयाचे तर काळाची वाटणी करावी लागते, आणि गुरांच्या संख्येला मर्यादा घालावी लागते. १८५१ साली कायदा करून तेथील हरिणे हलविण्याचे ठरले व राजाच्या पदरात त्याऐवजी रानाचा काही भाग कुंपणात घेण्याचा हक्क पडला. तेव्हा गुरे चारणाऱ्यांनी मोठा झगडा केला आणि १८७७ च्या कायद्याने आपला हक्क राखला. अजिस्टर हे पद तेथे अद्याप चालू आहे.

मराठेशाहीतील कुरणे आणि नगर हवेली

आपल्या मुलखात मराठी राज्यात सरकारी कुरणे असत. पागेच्या घोड्यांना गवत लागे. ते राखण्यासाठी माळ व डोंगरउतार बंद केले जात, आणि कापणीसाठी आसपासच्या गावांवर वेठ बसे. रानात गुरे चारणाऱ्यांकडून वनचराई नावाची पट्टी घेतली जाई. म्हणजे गवत हे उत्पन्नाचे एक कलम होते, आणि ते जमिनीहून वेगळे मोजले जाई. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण नगर हवेलीचे सारे पुढील प्रकरण याच भेदावर उभे आहे.

दमणगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश पूर्वी रामनगरच्या, म्हणजे पुढच्या धरमपूरच्या, राजांच्या अमलाखाली होता. १६७२ साली शिवाजीमहाराजांच्या सैन्याने जव्हार व रामनगर जिंकले. पुढे पेशवाईत मराठ्यांच्या आरमाराने ‘संताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज १७७२ साली घेतले. त्या प्रकरणाची भरपाई आणि मैत्रीचा करार अशा दुहेरी हेतूने १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले. त्याप्रमाणे १७८३ व १७८५ च्या सनदांनी नगर हवेली व दादरा येथील गावे त्यांच्याकडे गेली.

आता पाहा. दिले होते ते उत्पन्न, सरंजाम. भूमीचे सार्वभौमत्व नव्हे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या निकालात हेच म्हटले आहे की, मराठ्यांनी दिलेला तो महसुली हक्क होता. परंतु मराठी राज्य बुडाले, इंग्रज आले, आणि त्यांना पोर्तुगीज तेथे प्रत्यक्ष राज्य करताना दिसले म्हणून त्यांनी ते मान्य केले, असेही त्या निकालात आहे. एका भाडेपट्ट्याचे राज्य झाले ते असे! उपभोगासाठी दिलेली वस्तू परत मागणारा उरला नाही, की उपभोक्ता स्वतःस मालक समजू लागतो, हा जगाचा जुना नियम आहे.

त्या काळी या भागातल्या एखाद्या सांबराचा प्रवास मनाशी कल्पून पाहावा. एका डोंगरावर ते इंग्रजांच्या ठाणे वा सुरत जिल्ह्यात असे. दरी ओलांडली की जव्हारच्या वा धरमपूरच्या संस्थानात. आणखी खाली उतरले की पोर्तुगीज अमलात. ब्रिटिश हद्दीत १९१२ च्या कायद्याने हरिणांना बंदी-हंगामाचे संरक्षण देता येत असे. १९२७ च्या वनकायद्याच्या २६ व्या कलमात तर राखीव जंगलात गुरे घालणारा आणि नियमबाह्य शिकार करणारा हे दोघेही एकाच यादीत अपराधी म्हणून शेजारीशेजारी बसलेले आहेत. सीमा ओलांडली की हे नियम बदलत. हरिणास सीमा ठाऊक नव्हती. वारल्यास, कोकण्यास वा धोडियास ती ठाऊक होती, कारण दंड त्याला भरावा लागे. वनखात्याने गायराने व डोंगर बंद केल्यामुळे कुणब्याची गुरे कोंडवाड्यात जातात, ही तक्रार महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये १८८३ सालीच मांडली होती. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील लोकांची अशीच गाऱ्हाणी ऐकण्यास मुंबई सरकारला पुढे वनआयोग नेमावा लागला.

गवताचे सोने झाले

मुंबई वाढली तसे गवतही महागले. १८७४ पासून त्या शहरात घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या. तबेल्यांतील घोडे आणि म्हशींचे गोठे यांना वाळलेले गवत रोज हवे. ठाणे व सुरत या जिल्ह्यांतील डोंगरउतारांचे गवत दाबून, गासड्या बांधून, रेल्वेने मुंबईस जाऊ लागले. गवताला नांगर नको, बियाणे नको, खत नको. पाऊस पडला की ते आपोआप येते. मग जमीनदाराने कुळाला जमीन कशाला द्यावी? कर्जाने व दुष्काळाने आदिवासींच्या हातून निसटलेली कित्येक शेते अशा रीतीने गवताळ झाली. जेथे नागली व वरई पिकत असे तेथे गवत उभे राहिले, आणि पूर्वीचा धनी त्याच शेतात रोजावर ते कापू लागला.

याची प्रतिक्रिया दोनदा उमटली. १९४५ च्या ऑक्टोबरात ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मिळाल्याविना विळा हाती न घेण्याचा निर्धार केला. तलवाडे येथे गोळीबार झाला, माणसे मेली. पण वेठबिगारीचा कणा त्या लढ्याने मोडला. त्यानंतर नगर हवेलीला लागूनच असलेल्या पारडी तालुक्यात, ईश्वरभाई देसाई यांच्या पुढाकाराने, १ सप्टेंबर १९५३ रोजी सत्याग्रह सुरू झाला. गवताच्या जमिनीत शिरून आदिवासींनी प्रतीकात्मक नांगरट केली व कारावास पत्करला. मागणी एवढीच, की माणसाच्या पोटाला अन्न लागते, म्हणून ही भूमी पुन्हा पिकाखाली येऊ द्या. हा झगडा थोडाथोडका नव्हे, १९६७ पर्यंत चालला आणि मग सरकारशी तडजोड होऊन काही जमीन भूमिहीनांना मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

दरम्यान शेजारी मोठे स्थित्यंतर घडले. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले; २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स व राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्या तरुणांनी, स्थानिक लोकांच्या साहाय्याने, हे कार्य केले. मराठी व कोंकणी बोलणाऱ्या कित्येक घरांनी आपली मुले त्यासाठी धाडली, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. वरिष्ठ पंचायतीने सात वर्षे कारभार पाहिला व ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला. राज्य परत आले. भूमी मात्र तत्काळ परत आली नाही. पोर्तुगीजांच्या १९१९ च्या शेतजमीन-कायद्यान्वये दिलेले ‘अल्वारे’, म्हणजे ठरावीक मुदतीत जमीन लागवडीखाली आणण्याच्या अटीवर दिलेले पट्टे, तसेच चालू होते. ही अट पाळली न गेल्याच्या कारणावरून १९७४ साली काही अल्वारे रद्द झाले. तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७१ च्या जमीनसुधारणा-विनियमाने या जुन्या धारणापद्धतीच मोडीत काढण्याची तरतूद केली. येथेही प्रश्न तोच होता. सशर्त दिलेला उपभोग अट मोडल्यावर टिकतो काय?

हरिणाचा पक्ष

आता त्या मुक्या पक्षाकडे वळू. शिकारीच्या रानात गुरांना चराई दिली तर हरिणांचे काय होते? याचे उत्तर एकेरी नाही. चितळ व काळवीट हे मुख्यतः गवतावर जगणारे. सांबर गवताबरोबर पालाही खाते. उंच, राठ झालेले गवत गुरांनी मर्यादेत खाल्ले तर नवे कोवळे कोंब फुटतात आणि हरिणे आवडीने तेथे येतात. शिकारी जमीनदारास चराईचा मक्ता लाभदायक वाटतो तो यामुळेही. पैसाही मिळतो आणि सावजही जवळ येते. परंतु गुरांची संख्या वाढली की तोच मक्ता हरिणांच्या मुळावर येतो. गवत मुळापर्यंत ओरबाडले जाते, पाडसांना दडण्यास आडोसा उरत नाही, पाणवठे गढूळ होतात. त्याहून भयंकर म्हणजे रोग. बुळकांडी व लाळ्या-खुरकूत हे गुरांचे रोग रानातल्या कळपांतही शिरतात. बुळकांडीने आपल्या देशात गवे व हरिणे पटापट मेल्याचा इतिहास आहे. ती साथ पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे २०११ साली जाहीर झाले, तरी दुसऱ्या रोगांचे भय आहेच.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने हळूहळू ही मर्यादा ओळखली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रारंभी चितळ-सांबरांसाठी परवान्याने शिकारीची वाट ठेवलेली होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. अभयारण्यात मात्र चराई सरसकट निषिद्ध नाही. मुख्य वन्यजीव रक्षक तिचे नियमन करू शकतो, आणि लस टोचल्यावाचून कोणतेही गुरू आत नेता येत नाही. अभयारण्यापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गुरांना लस टोचण्याची जबाबदारीही कायद्याने त्याच अधिकाऱ्यावर टाकली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजाचा चराईचा सामुदायिक हक्क मान्य केला, आणि त्याच कलमात पारंपरिक शिकारीचा हक्क मात्र वगळला. गाय आत आली, बाण बाहेर राहिला! कौटिल्याने मृगवने दोन सांगितली होती, एक विहाराचे व एक अभयाचे. त्यांपैकी पहिले आपण मिटवले आणि दुसरे ठेवले, असे म्हणण्यास हरकत नाही.

नगर हवेलीत २००० साली अभयारण्य घोषित झाले. दपाड्याजवळ सातमालिया येथे हरिणांसाठी राखलेले उद्यान आहे; तेथे सांबर, चितळ व काळवीट कुंपणाच्या आत निर्भयपणे हिंडतात. प्रवासी ते पाहून समाधान पावतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कुंपणाबाहेरच्या गाईने कोठे चरावे, हा प्रश्न त्या कुंपणाने सुटत नाही. भोवतालच्या मोकळ्या भूमीवर कारखाने, रस्ते व वसाहती आल्या. उरलेल्या रानावर गुरांचा भार वाढला. जुन्या करारात ज्याचे नाव नव्हते तो रहिवासी आजही पुष्कळदा बैठकीच्या दाराबाहेर उभा असतो.

देवस्थानांनी काय घ्यावे?

हे सारे वाचून कोणी म्हणेल की, राजे-रजवाडे व जमीनदार यांच्या या गोष्टीशी आमचा संबंध काय? संबंध आहे. गोमंतकात गावकरीची पडीक व भरड जमीन, तिच्यावरील गवत, काजू, मीठ यांची पावणी होत आलेली आहे. गावकरीच्या रूढींची नोंद पोर्तुगीजांनी १५२६ सालीच करून घेतली, इतकी ती संस्था जुनी. देवालयांचा खर्च याच उत्पन्नातून चालत असे. आपल्या कित्येक देवस्थानांकडे आजही डोंगर, माळ व देवराया आहेत. त्या पावणीने वा मक्त्याने देताना महाजनांनी विचार केला पाहिजे तो नगर हवेलीच्या इतिहासाने शिकवलेला.

पहिली गोष्ट, जे द्यावयाचे ते गवत, भूमी नव्हे. मुदत लिहावी आणि मुदत संपताच भूमी परत पाहावी, नाहीतर १७८३ च्या सरंजामाचे जे झाले तेच होईल. दुसरी गोष्ट, गुरे किती व कोणत्या महिन्यांत, हे मक्त्यात असावे. पाडसांच्या हंगामात रानाला विसावा द्यावा. पावणीत बोली चढली म्हणून गवताची वाढ चढत नाही. तिसरी गोष्ट, अधिक दाम देणारा परगावचा मक्तेदार आला तरी गावच्या कुळवाड्याची दोन गुरे बाहेर काढू नयेत. देवाच्या भूमीवर दरिद्र्याची गाय उपाशी राहिली, तर त्या उत्पन्नाचा नैवेद्य देवास कसा रुचेल?

आश्विन वद्य द्वादशीस आपल्या घरी वसुबारस असते. सवत्स धेनूची पूजा करून सुवासिनी तिला घास देतात. त्याच तिथीस या भागातील आदिवासी वाघबारस पाळतात व रानाच्या कडेला वाघदेवास नारळ वाढवून गुरांचे रक्षण मागतात. एकाच दिवशी एकीकडे गाईला नमस्कार, आणि दुसरीकडे गाईला जो खातो त्याला नमस्कार! त्यांच्या पूजेत रानावरील सर्वांचा वाटा मान्य केलेला आहे. वाघाचा, हरिणाचा, गाईचा व माणसाचा. करारपत्रांनी जी गोष्ट दोनशे वर्षांत साधली नाही, ती त्या नारळाने केव्हाच साधली होती. पुढच्या वसुबारसेला गाईपुढे घास धरताना, हे गवत कोणत्या रानातले आणि त्यावर आणखी कोणाची भूक होती, एवढा विचार आपल्या मनात आला तरी पुष्कळ झाले.